झाकणाचा रंग

आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला आहे. तिथल्या डब्यांवरचं सगळं इंग्रजीत, म्हणून बायका झाकणाचा रंग बघतात: निळं म्हणजे साबण, लाल म्हणजे ॲसिड. "साहेब, आपल्या भाषेत एक कागद लावा ना," म्हणून आई वर्षभर मागे लागली होती. "मावशी, भाषांतर काय झाडाला लागतं?" साहेब हसायचे.

सोमवारी नवे डबे आले, झाकणांचे रंग उलटे. तशी सूचना भिंतीवर लावली होती, अर्थात इंग्रजीत. आईचे दोन्ही हात भाजले.

संध्याकाळी साहेब धावत दवाखान्यात आले. आणि काय सांगू, हातातला कागद चक्क आपल्या भाषेत, ठळक अक्षरांत, शुद्धलेखनाची एकही चूक नाही!



"झालेल्या अपघाताला मी स्वतः जबाबदार आहे." खाली आईचं नाव आणि सहीची जागा.