दोरीवर जागा नाही

सासूबाई बाळाच्या बोंडल्यात गाईचं दूध घेऊनच खोलीत आल्या. "आत्ताच पाजलंस ना? तरी भोकाड पसरलंच. तुझं दूध पुरत नाही पोरीला."

वृषालीने लेकीला पुन्हा छातीशी धरलं. "आई, तिच्या मुठीएवढं तर पोट. थोडं थोडं पिणार, सारखं मागणार. वरचं दूध मी देणार नाही."

"पण पोट भरतंय हे कशावरून?"

"लंगोट धुऊन हात मोडले, म्हणत होतात ना सकाळी?" वृषालीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. दोरीभर लंगोट वाळत होते. साडीपुरतीही जागा नव्हती. "पोटात गेल्याशिवाय का एवढे भिजवले तिने?"

सासूबाई दोरीकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि बोंडल्याऐवजी पेला भरून घेऊन आल्या.

"हे तू पी. थेंब ठेवायचा नाही."