चार गाद्या

"स्विमिंग पूल आहे, नाश्ता आहे, मुलींना वेगळी खोली. आणखी काय हवं तुला?" नवऱ्याने लॅपटॉप मुग्धापुढे सरकवला. कायमचं व्हँकुव्हरला जाताना वाटेत टोकियोत एका रात्रीचा मुक्काम होता, आणि तिला एकही हॉटेल पसंत पडत नव्हतं.

मग एका फोटोवर ती थांबली. चटया अंथरलेल्या जमिनीवर चार गाद्या, एकमेकींना खेटून. त्यांच्या दादरच्या एका खोलीच्या घरात गाद्या रोज अशाच पडत. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, कुणाची गोष्ट कुणाच्या स्वप्नात, आणि पहाटेपर्यंत चौघांचा मिळून एकच श्वास. व्हँकुव्हरच्या घराला तीन बेडरूम होत्या.

"हेच," ती म्हणाली.

"अगं, इतक्या लांब जाऊन जमिनीवरच झोपायचं?"

"आईशेजारी मी!" धाकटी ओरडली.

थोरली केतकी उठून जवळ आली. स्वतःच्या खोलीसाठी दोन वर्षं तिने घर डोक्यावर घेतलं होतं. तिकडच्या भिंतींचा रंगही ठरवून झाला होता. ती मुग्धाच्या खांद्यावरून वाकून फोटो बघत राहिली.

"तू काय, तिकडे गेल्यावरही झोपशील आईजवळ," ती धाकटीला हळूच म्हणाली. "त्या रात्री मी."