क्रोशाची सुई

चाळीस वर्षं जयाक्का वडगावच्या यंत्रमागावर कापड विणत होत्या; धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकाला ओठ लावून सुताचं टोक तोंडानं बाहेर ओढायच्या. शेजारच्या मागावरच्या तेजस्वीलाही त्यांनीच तसं शिकवलं. धोटेही दोघी तेच वापरायच्या. मग तेजस्वीला मेंदूज्वर झाला. थुंकीतूनही पसरतो, म्हणून डॉक्टरांनी जयाक्कांना प्रतिबंधाची गोळी दिली. हा आजार तिला आपल्याच तोंडातून तर गेला नसेल, हे मनात घोळवतच त्यांनी ती गिळली. पोरगी वाचली. महिन्यानं कामावर आली आणि सवयीनं धोटा ओठांकडे नेला. जयाक्कांनी आपला माग थांबवला, तिचा हात धरला आणि कमरेला खोचलेली, टोकाला आकडा असलेली क्रोशाची सुई दिली. तेजस्वीनं ती धोट्याच्या भोकात घातली; सूत निसटलं. "लई येळ लागतोय ह्यानं, आक्का." "लागू दे. चुकीचं म्याच शिकवलं, बरोबरबी मीच शिकवणार." परत निसटलं. तिसऱ्यांदा आकड्यात अडकून अलगद बाहेर आलं. तेव्हा कुठं जयाक्कांनी आपला माग पुन्हा सुरू केला.