सरांची भाची

आठ सेकंद उरले होते आणि नागपूरविरुद्ध आम्ही एका गुणाने मागे होतो. टाइमआउटमध्ये वाळिंबे सरांनी छोट्या पाटीवर खडूनं एक बाण काढला आणि म्हणाले, "शॉट ऋजुता मारेल."

ऋजुता त्यांची सख्खी भाची. अख्ख्या स्पर्धेत ती जेमतेम चार मिनिटं खेळली होती. समोर राज्य संघाच्या निवड समितीचे लोक बसले होते. काय ते मी समजले. घाम आम्ही गाळायचा आणि नाव भाचीचं व्हायचं.

"सर, मी मारते ना," मी म्हणाले. "आजचे बावीस गुण माझे आहेत."

"तू बॉल घेऊन आत घुस आणि तिला दे." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शिट्टी वाजली. पास द्यायचाच नाही असं ठरवून मी आत घुसले. पण नागपूरच्या तिघी माझ्यावर तुटून पडल्या. ऋजुता बास्केटखाली एकटीच उभी होती. तिच्याजवळ कुणी फिरकलंही नव्हतं. नाइलाजानं मी पास दिला. बोर्डाला लागून बॉल आत पडला.

सगळ्या ऋजुताला उचलून नाचत होत्या. मी सरांपाशी गेले. "सर, तिला कुणीच कसं मार्क केलं नाही?"

सर पाटी पुसत होते. "काल पंगतीत तू नागपूरच्या कॅप्टनला सांगत होतीस ना, की ऋजुताला काही येत नाही, सरांची भाची म्हणून टीममध्ये आहे," ते म्हणाले. "मी तुमच्या मागच्याच रांगेत जेवत होतो."