दहापैकी दहा

“हो. अंगठा,” उद्धवराव म्हणाले.

डोळ्यांवर नॅपकिन घट्ट बांधलेला. तोही त्यांनी स्वतःच मागून घेतलेला, उगाच कुणी म्हणायला नको, बघून सांगतो म्हणून. मधुमतीबाई बुटक्या स्टुलावर बसून त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन होत्या. हातात पेनासारखी दांडी, तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ धागा. तो तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, आणि कळलं की उद्धवरावांनी ‘हो’ म्हणायचं. पाच जागा या पायावर, पाच त्या.

मधुमेहात पाय बधिर होतात. जखम झालेली कळत नाही, आणि कळते तेव्हा बोट वाचवायची वेळ निघून गेलेली असते. नोव्हेनाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं चित्रं दाखवून समजावलं होतं. ती चित्रं बघून मधुमतीबाईंना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

हिरव्या बांगड्या किणकिणल्या, दांडी पुढे सरकली.

“हो. मधलं बोट.”

रोज सकाळ-संध्याकाळ, अंगठ्यापासून सुरुवात आणि टाचेवर शेवट. बाई एक वेळ पूजेचा क्रम चुकतील, पण हा नाही. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, दहापैकी दहा. पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेल्या बाईच्या हातून असे गुण सहसा सुटत नाहीत.

फेब्रुवारीत नोव्हेनाला दहापैकी चारच आले होते. घरी पंधरा दिवसांत दहा!

“ती बाई धागा टेकवते की नुसता वारा घालते, कोण जाणे,” उद्धवराव म्हणाले होते. “तुझ्या हाताला गुण आहे.”

बाईंनी ते नाकारलं नाही. रोज पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, तळव्यांना मलम लावणं, सगळं त्याच करत होत्या. गुण येणारच.

आणि गुण यायलाच हवे होते. परदेशात, मुलाच्या टॅम्पिनीसमधल्या या अकराव्या मजल्यावर दीड वर्ष काढून झालं होतं. सून ऋचा गुणाची, पण फोडणी टाकण्याआधी खिडक्या उघडा म्हणायची. तिकडे साताऱ्याचं घर कुलपात होतं. मुलाने, प्रबोधने, अट घातली होती, “जुलैभर दहा आले तर तिकिटं काढतो. नाहीतर बाबा, तुम्ही इथेच राहायचं. तिकडे आई एकटी काय काय बघणार?”

आज वीस तारीख. एकही गुण गेला नव्हता.

एकदाच जरा खटका उडाला होता. उद्धवराव एमआरटीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत चालून आले आणि बुटात नातीचं, अवनीचं, खोडरबर निघालं.

“कळलं नाही तुम्हाला?”

“कळत होतं गं. वाकायचा कंटाळा केला.”

आळशीपणावर बाईंनी पाऊण तास ऐकवलं होतं.

उद्या अवनीच्या शाळेत रेशियल हार्मनी डे होता. सगळी मुलं आपापल्या पद्धतीचे कपडे घालून येणार. अवनीला नऊवारी आणि आजीच्याच बांगड्या हव्या होत्या. संध्याकाळी उद्धवराव खाली फिरायला गेले होते, तेव्हा बाईंनी साबण लावून बारा बांगड्या उतरवल्या. सवाष्णीचे हात मोकळे नकोत म्हणून दोन्ही मनगटांना हळदीचा दोरा बांधला.

“आजी, यू आर द बेस्ट,” अवनी इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. “आजोबा त्यांची कोपी हाफच देतात, लाह.”

“कसली कोपी?”

“स्वीट मिल्कवाली. स्कूलमधून येताना, रोज.” मग तिने तोंडावर हात ठेवला. “ओह नो. सीक्रेट होतं.”

नवऱ्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या चहातलीही साखर सोडली होती. त्यांना ना साखरेचा आजार, ना कसला.

उद्धवराव वर आले, सोफ्यावर टेकले.

“गोड कॉफी पिता म्हणे रोज. माझ्याशी खोटं बोललात.”

ते पायांकडे बघत म्हणाले, “चुकलं माझं. एवढं एकच खोटं, दुसरं काही नाही. तुझी शपथ.”

हा माणूस असातसा शपथ घेणारा नव्हता. चाळीस वर्षांत एकदा घेतली होती, सिगारेट सोडताना, आणि ती पाळली होती. राग हळूहळू उतरला.

“द्या पाय,” त्या म्हणाल्या.

उद्धवरावांनी मुकाट्याने नॅपकिन बांधला. बाईंनी अंगठ्याला धागा टेकवला.

ते गप्प.

ओशाळलेत, बाईंना वाटलं. मधलं बोट. करंगळी. चवडा. टाच. धागा पार वाकेपर्यंत दाबला. मग दुसरा पाय, पुन्हा अंगठ्यापासून. दहाही जागा झाल्या. उद्धवरावांचा चेहरा शांत होता, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

बाईंनी दांडी खाली ठेवली.

“अगं, अजून रागावलीस का? सुरू कर ना,” ते म्हणाले.

आतल्या खोलीत अवनी आरशासमोर गिरकी घेत होती. तिच्या हातात बांगड्या किणकिणल्या.

“हो,” उद्धवराव म्हणाले. “अंगठा.”