आत्याची चाल

"दारापर्यंत चालून दाखव," डॉक्टर म्हणाले, आणि सोळा वर्षांची केतकी थेट आपल्या आत्यासारखी डौलात चालत गेली. दारापाशी थांबलीसुद्धा तशीच, एक हात कमरेवर ठेवून. खुर्चीत बसलेल्या तिच्या आईच्या, नलिनीच्या, पोटात दुखलं.

केतकीचा वाकडा कणा शस्त्रक्रियेने सरळ झाला होता. पण आत बसवलेल्या लवचीक दोरीला चालणं शिकवावं लागतं, तेही रक्ताच्या नात्यातल्या सरळ पाठीवरून. नलिनीने आधी आपलीच पाठ पुढे केली होती. तिचाही कणा थोडा वाकडा निघाला. मग वन्संनी दिली आपली चाल. आता येईल तो म्हणे, "अगदी आत्यावर गेली हो!" इतकी वर्षं रात्री उठून पोरीची पाठ शेकली होती ती नलिनीने.

"आज ही चाल कायमची करतो," डॉक्टर म्हणाले. "नको असेल तर आत्ताच सांगा. पुसून दुसऱ्याची शिकवू. पुन्हा महिनाभर अंथरुणात काढावा लागेल, इतकंच."

नलिनीला आपला धाकटा भाऊ आठवला. त्याची पाठ सरळ होती. चालायचा जरा फेंगडा, पण माहेरचा होता. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात केतकीची ओढणी खाली पडली. केतकीने वाकून ती उचलली.

"आई, पाहिलंस? मी उचलली! दुखलं पण नाही!"

"काही तक्रार?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, करून टाका कायमची," नलिनी डोळे पुसत म्हणाली. "फक्त आमच्या वन्संना तुमच्या सहीने लिहून द्या, आमच्याकडे येताना जरा वेगळं चालत या म्हणून."