डोहाळजेवणाचं ताट

समीक्षानं वजनापायी पोट लहान करायचं ऑपरेशन केलेलं, मग कुठं दिवस राहिले. गावाला पत्ता नव्हता; नाहीतर वडूजनं बाळ जन्मायच्या आधीच अशक्त ठरवलं असतं.

डोहाळजेवणाला बायका घास भरवू लागल्या. चौथ्यालाच तिला घाम फुटला. "आत्ती, आता जात न्हाई वो," ती सासूच्या कानाशी पुटपुटली.

"दोन जिवांची हायस, खा की!" बायका हटेनात.

सासूनं, अंजनानं, ताटच ओढलं. "लय झालं लाड! माझ्या घरात एवढंच मिळतं."

कजाग सासूची बातमी एस्टीच्या आधी पार फलटणपर्यंत पोचली.

आत सुनेची पाठ चोळत अंजना दमून म्हणाली, "बाळ हुईस्तवर आता कोण ताट घिऊन यायचं न्हाई बघ."